विचारून जायची वाट

माझ्या सगळ्या वकिलीत एकच दावा असा, की ज्याचा निकाल कायद्याच्या जाड पुस्तकात छापून आला. एक म्हातारा दुसऱ्याच्या शेतातून वर्षानुवर्षं ये-जा करायचा आणि त्या वाटेवर हक्क सांगत होता. मी शेतमालकाचा वकील. "जाताना मालकाला विचारायचात ना?" एवढंच मी त्याला विचारलं. तो "व्हय" म्हणाला आणि दावा हरला. विचारून जाणं म्हणजे परवानगीनं जाणं, आणि परवानगीचा कितीही वर्षांनी हक्क होत नाही. वडगावच्या कोर्टाचा हा निकाल मुंबईच्या अपिलातही टिकला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी ते पान दाखवी. बायको म्हणायची, "अहो, त्यांना चहा तरी पिऊ द्या."

घाटात विजेची आगगाडी नवी होती, त्या सुमारास कुसगावच्या वरच्या डोंगरवाडीतली एक बाई माझ्याकडे आली. लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे पन्नासेक वर्षं, ती खालच्या शेतातून झऱ्यावर पाण्याला जायची. शेताच्या नव्या मालकानं वाटेवर काटे टाकले होते. डोंगराला वळसा घालून पाणी आणायचं तर निम्मी सकाळ जाई, आणि तिचा एक पाय अधू. "पानी तुटलं तर वाडी सोडाया लागंल, भाऊ," ती म्हणाली. मी दावा लावला.

साक्षीच्या दिवशी समोरच्या तरुण वकिलानं तिला नेमका माझाच प्रश्न विचारला.

"व्हय तर!" ती ताडकन म्हणाली. "न इचारता लोकाच्या रानात पाय टाकाया आमी काय चोर हाय?"

त्यानं जाड पुस्तक उघडलं, माझाच निकाल वाचला आणि हसून मला नमस्कार केला. कोर्टात हशा पिकला. माझेच दात माझ्या घशात! खरं सांगतो, राग आला तो तिचाच. बये, एकदा खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं?

"तुमच्याच निकालातून आता कसे सुटणार?" जज्जसाहेबांनी विचारलं. मी उठलो आणि तिच्याकडे वळलो.

"मावशी, काय म्हणून विचारायचात?"

"बांधावर उभं ऱ्हायाचं नि 'जाऊ का वं?' म्हनायचं."

"शेतात कुणी नसलं तर?"

"तरी म्हनायचं."

"मग उत्तर येईपर्यंत थांबायचात?"

तिला माझी कीव आली असावी. "जाब कशाला? पान्याला कुनी न्हाई म्हनतं व्हय? म्हनायचं नि चालाया लागायचं."

जज्जसाहेबांनी हे शब्द तिच्याकडून पुन्हा वदवून घेतले आणि लिहून घेतले. मी म्हणालो, जुना निकाल खरा. पण तो विचारून उत्तरासाठी थांबणाऱ्याचा आहे. हिचं विचारणं ही परवानगी नव्हे, रीत आहे. त्यांना ते पटलं. जुना निकाल कायम, पण या दाव्याला तो लागू नाही. काटे काढावेत, असा हुकूम झाला.

बाहेर आल्यावर तिनं माझ्या तोंडावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "बरं इचारलंस, लेकरा," म्हणाली. मी पन्नाशीला टेकलो होतो, गहिवरून आलं.

लोणावळ्याच्या गाडीत बसलो आणि मला तो म्हातारा आठवला. "व्हय" म्हणाल्यावर तो कठडा धरून आणखी काही सांगायला तोंड उघडत होता. त्याच्या वकिलानं पुढं काही विचारलं नाही. आणि मी, हात वर करून त्याला म्हणालो होतो, "बस, बाबा. एवढंच पुरे."