भेंडीच्या ठशांची पाकिटं

सिरसाळ्याच्या शाळेत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण लग्न होऊन माजलगावकडे गेली. तिचा नवरा साखर कारखान्यात कामाला होता. राहायला कारखान्याच्या चाळीत खोली, पुढं अंगण, अंगणापलीकडं कालवा. मी पडले मांजरसुंब्याला. माझा नवरा फाट्यावर ट्रकच्या टायरचं पंक्चर काढायचा आणि मी घरी लोकांचे कपडे शिवायचे. आमच्याकडं पाणी हातपंपाचं, तेही उन्हाळ्यात दम खात खात येणारं.

तरी दरवर्षी शिमगा झाला की मी बीडला गाडी बदलून तिच्याकडं जायचे. सकाळी जायचं, दिवेलागणीला परत. घरी सांगायचे की मैत्रिणीला भेटून येते. ते खरंच होतं, पण अर्धंच. कारखान्याची एक नर्सरी होती. सभासदांसाठी आंब्याची कलमं, नारळाची रोपं, आणि अगदी मागं हिरव्या जाळीखाली फुलझाडांच्या दोन रांगा. मोगरा, जास्वंद, अबोली, गावठी गुलाब. सकाळीच पाणी मारलेलं असायचं, त्यामुळं चपला चिखलात रुतायच्या. वर्षातून एकदा चपला चिखलात रुतणं, याचंच मला केवढं सुख वाटायचं.

आम्ही दोघी एकेक पिशवी उचलून, पानं उलटून बघत तासभर घालवायचो. तिथले माळीमामा वैतागायचे.

"घ्या की बाई आता. कावून पोरगी बघायला आल्यावानी बघायलाव?"

"पोरगी पसंत हाय मामा, पण मुळं दाखवा," असं मैत्रीण म्हणायची आणि मामा हसून पिशवीचा खालचा कोपरा फाडून दाखवायचे.

मी दोन-तीन रोपं मांडीवर घेऊन एसटीनं परत यायचे आणि ती रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावायचे. मग पत्रं सुरू व्हायची. आमच्या दोघींच्याही घरी फोन नव्हता. पाकिटं आम्ही स्वतःच करायचो. जुन्या कॅलेंडरचं पान पालथं घालायचं, घड्या घालून कणकेच्या खळीनं चिकटवायचं. मग भेंडीचा देठाकडचा तुकडा कापून तो हळदीत, काजळात नाहीतर पळसाच्या फुलांच्या पाण्यात बुडवायचा आणि पाकिटावर ठसे मारायचे. प्रत्येक ठसा पाच पाकळ्यांचं फूल. आत मजकूर दोन ओळींचा. मोगऱ्याला नऊ कळ्या आल्या. जास्वंदीला मावा पडला, तंबाखूचं पाणी मारलं. पोस्टमन पाकीट हातात ठेवायच्या आधी उलटंसुलटं करून बघायचा आणि म्हणायचा, "लई कामं दिसतात तुमाला, ताई."

मग एका वर्षी पाऊस आलाच नाही. त्या सालच्या शिमग्याला पाण्यापायी माझं तिच्याकडं जाणंही राहिलं. पुढच्या वर्षी नुसते शिंतोडे. हातपंप आधी खडखडला, मग मुका झाला. चार-चार दिवसांनी टँकर यायला लागला. पहिले काही दिवस मी भांडी विसळलेलं पाणी झाडांना घातलं. पुढं भांडी विसळणंच बंद झालं, राखेनं घासायची आणि फडक्यानं पुसायची. एकदा पेल्यातलं उरलेलं पाणी मोगऱ्याला ओतताना नवऱ्यानं पाहिलं.

"माणसाला न्हाई अन् झाडाला?" एवढंच तो म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

आधी गुलाब गेला, मग अबोली. मोगरा महिनाभर तगला. मी सगळं तिला कळवत होते. तिची पाकिटं मात्र पहिल्यापेक्षा नटलेली यायची. कडेनं वेली, मधे ठसे, कोपऱ्यात फुलपाखरू. आत लिहिलेलं, यंदा मोगरा एवढा फुलला की चाळीतल्या सगळ्या बायकांना गजरे दिले. जास्वंदीची तर मोजदादच नाही.

सुरुवातीला मला बरं वाटायचं. मग वाटेनासं झालं. शेवटी एका दुपारी, टँकरवर दोन बायकांची झोंबाझोंबी बघून घरी आले तर दारात तिचं पाकीट. मी शिवणाच्या वहीचं पान फाडलं आणि लिहिलं, तुमच्या दारात कालवा आहे. आमच्याकडं लोक घागरीसाठी केस उपटतात. तुझ्या फुलांचं मला पुन्हा सांगू नको. विकतच्या पाकिटात घालून ते पत्र टाकलं. ठसा एकही मारला नाही.

उत्तर आलं नाही. शिमगा गेला, मी याही वर्षी गेले नाही. पाडव्यानंतर मात्र राहवेना. गेले.

माजलगाव मागं टाकून गाडी पुढं गेली तसा कालवा दिसला. तळाला शेरडं फिरत होती. ऊसच नव्हता, म्हणून कारखान्याचा बॉयलर त्या साली पेटलाच नव्हता. चाळीतल्या निम्म्या खोल्यांना कुलपं होती. मैत्रिणीच्या अंगणात डब्यांची रांग होती आणि प्रत्येक डब्यात एक काडी. माती डब्याच्या कडा सोडून आत आवळली होती. ते नुकतं वाळलेलं नव्हतं.

ती टँकरवरून आली, डोक्यावर घागर, काखेत कळशी. मला पाहून थांबली. मी म्हटलं, "किती दिवस झाले गं याला?"

"दोन उन्हाळे."

"मग ते गजरे? चाळीतल्या बायका?"

"नुसते लिवलेले," ती म्हणाली आणि घागर उतरवली. "तू लिवायचीस हे वाळलं, ते वाळलं. मग म्या बी तेच लिवायचं का? दोघींत एकीच्या दारात तरी फुलं असावीत की."

"मला सांगायचं न्हाईस?"

"सांगून काय पाऊस पडतो का?"

घरात देवाच्या फळीवर, कुंकवाच्या डबीखाली माझं ते पत्र होतं. माफी मागावी म्हणून मी दोनदा तोंड उघडलं. तिनं चहाचं विचारलं आणि मी हो म्हटलं. चहा कोरा होता. 

मग सवयीनं दोघी नर्सरीकडं गेलो. फाटकाला कुलूपसुद्धा नव्हतं. जाळी फाटून लोंबत होती. माळीमामा बैलजोडी घेऊन चारा छावणीवर गेलते, असं ती म्हणाली. पिशव्या रांगेनं तशाच होत्या. तिनं एक जास्वंद उचलली तर झाड हातात आलं आणि मातीचा गोळा विटेसारखा खाली पडला. तिनं तो उचलून पिशवीत बसवला, झाड पुन्हा त्यात खोचलं आणि पिशवी रांगेत सरळ लावली.

"आमी पुण्याकडं निघालाव," ती म्हणाली. "यांना वाचमनचं काम भेटलंय."

"कधी?"

"ह्याच हप्त्यात."

तिचं एक कार्ड आलं. पोचलो. खोली लहान आहे. पाणी सकाळी येतं. खाली पत्ता होता. झाडाचं, फुलाचं अवाक्षर नव्हतं.

मी माफीचं पत्र लिहिलं, चार पानांचं. पाकीट करायला बसले, पण बाजारात भेंडीच नव्हती. म्हणून बोटांचेच ठसे मारले. दोन महिन्यांनी ते परत आलं. या पत्त्यावर राहत नाहीत, असं वर कुणीतरी लाल पेनानं लिहिलं होतं. सिरसाळ्याला तिच्या माहेरी निरोप धाडला, तर तिचा भाऊ बायकापोरांसह ऊसतोडीला कर्नाटकात गेलेला.

पुढं पाऊस झाला, माजलगावचं धरणही भरलं म्हणतात. मी काही त्या बाजूला गेले नाही. माझे डबे गंजून तळाला फुटले होते. नवऱ्यानं ते भंगारवाल्याला देऊन टाकले आणि त्या जागेवर जुने टायर रचले. त्यानं विचारलं होतं, चालेल का म्हणून. मी म्हटलं, चालेल.