चार गोळ्या

सहावा महिना लागला आणि खाजेनं, पांढऱ्या पाण्यानं माझा जीव नकोसा झाला. सासूबाई म्हणाल्या, उष्णता आहे, ताक पी. मी ऐकलं नाही. दवनीवाड्याहून ऑटो धरून एकटीच गोंदियाला गेले. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, मला सात दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. नवऱ्यासाठी वेगळ्या चार, एकाच वेळी घ्यायच्या. "पति को भी खिलाना, वरना फिर हो जाएगा," त्या म्हणाल्या. "और तब तक दूर रहना."

नवऱ्यानं त्या गोळ्यांकडे असं पाहिलं, जसं काही मी त्याला बांगड्या भरायला सांगितलंय.

"दुखनं तुले, अन् दवाई मी कायले खाऊ? मी का पोटुशी आहो? तूच खाय माह्या वाट्याच्या."

हे डोकं बारावी पास होतं. सासूबाईंनीही त्याचीच री ओढली; पुरुषाला कुठे असले आजार होतात!

माझा कोर्स संपला, खाज थांबली, आणि साहेब लगेच जवळ आले. दवाई नको, पण बायको हवी. मीही मूर्खच, नाही म्हटलं नाही. पंधरा दिवसांत सगळं परत सुरू. डॉक्टरीणबाई रागावल्याच. दोघांसाठी पुन्हा गोळ्या लिहून दिल्या, आणि असंच चालू राहिलं तर बाळ दिवस भरायच्या आधीच होऊ शकतं, म्हणाल्या. परतीच्या ऑटोत मी पोटावर हात ठेवून बसले होते. भीती वाटत होती आणि त्या माणसाची किळस येत होती.

दोनच दिवसांनी माझी ओटी भरायची होती. कामठ्याहून आई आली, शेजारच्या बायका छपरीत जमल्या. नवरा मोबाइलवर फोटो काढायला आला, हसतमुख, जणू सगळं कर्तृत्व त्याचंच. मी उठले, चार गोळ्या त्याच्या हातावर ठेवल्या आणि पाण्याचा गडवा पुढे केला.

"घ्या, खा. डॉक्टरीनबाईनं तुमाले देल्ल्या."

"काऊन वो, पोराले का झालं?" शेजारच्या म्हातारीनं त्याच्याकडे बघत विचारलं.

मी सांगायला तोंड उघडलं. पहिला शब्द निघायच्या आत त्यानं चारही गोळ्या गिळल्या. बाळाच्या जिवासाठी ज्या घशाखाली उतरल्या नव्हत्या, त्या चार बायकांच्या भीतीनं एका घोटात उतरल्या.

मुलगी दिवस भरून झाली. तो गावभर सांगत असतो, बायकोले मी फार जपलं.