बसवाल्या काकांचा कापलेला मेंदू

स्कॅन सेंटरमध्ये कॉम्प्युटर अडला की सगळे ताईला हाक मारायचे. ताईचं तोंड फटकळ, पण हातात घेतलेलं काम ती अर्धवट सोडायची नाही.

त्या दिवशी मेंदू मोजणाऱ्या प्रोग्रॅमने एका बसड्रायव्हर काकांच्या मेंदूचा पुढचा भाग गायबच दाखवला. असा रिपोर्ट गेला असता तर काकांच्या हातातलं स्टिअरिंग कायमचं सुटलं असतं. ताईने प्रोग्रॅम पुन्हा टाकला, दुसऱ्या चार पेशंटचे स्कॅन त्यातून काढून बघितले. ते ठणठणीत. मग तिने काकांची मूळ चित्रं एकेक करून उघडली. कपाळाच्या वर तीन काळे डाग होते, अगदी सारख्या अंतरावर. त्या डागांना फसून प्रोग्रॅम मेंदूच कापत होता.

"रोग काय पट्टीने मोजून येतो होय?" असं पुटपुटत ती बाहेर गेली. काकांसोबत डेपोतले दोघे बसले होते. त्यांना तिने चहाला पिटाळलं.

"काका, खरं सांगा. केस तुमचेच ना?"

काका लालबुंद झाले. "विग आहे. आत बारीक क्लिपा आहेत. अंगावर धातूचं काही आहे का विचारलं, तेव्हा हे दोघं शेजारीच होते गं."

"अहो, नोकरी जायची वेळ आली आणि तुम्ही टक्कल कसलं लपवताय!"

विग काढून पुन्हा स्कॅन केला. तो होईस्तोवर ताई दाराची काच पाठीने झाकून उभी राहिली. या वेळी मेंदू अख्खा आला. केस नीट बसवून काका बाहेर आले.

"मघाशी काय बिघडलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. चहाहून परतलेले डेपोतले दोघे कान टवकारून मागेच उभे होते.

"धातू राहिला होता," ताई म्हणाली. "काढला."