घाव कुठल्या अक्षरावर

इटालियन शिकवणाऱ्या सरांनी मला तोंडी परीक्षेला बसवायचं नाही असं ठरवलं, ते माझ्या आवाजामुळे. ती परीक्षा हुकली की इटलीतल्या शेती कॉलेजातली माझी जागा गेली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची पदवी घेऊन मी जामखेडहून नगरच्या क्लासला एसटीनं येत होते ती त्या जागेसाठीच.

शब्द फोडायला मला येत होतं. जोडव्यंजन मधून कापायचं: साखर म्हणजे त्सुक्-के-रो. संप म्हणजे शो-पे-रो. इटालियनचा जोर बहुतेक शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, या दोन्हींत अगदी पहिल्यावर. मी मात्र सगळीकडे शेवटच्याच अक्षरावर आदळायची. ऊसतोड कामगारांच्या मोर्च्यांत घोषणा देत वाढले. घोषणेत मूठ शेवटी वर जाते. तिथं आवाज पडला तर मागची माणसं उचलून धरत नाहीत.

सर म्हणाले, हा मोर्चा नाही, आणि ग्रामीण जिभेला हे अवघडच जातं. वर्ग हसला. मला राग गिळता येत नाही.

“जिभेला तालुका नसतो, सर. आठ दिवस द्या.”

घरी मोबाईलवर एका इटालियन बाईच्या आवाजातलं ‘शोपेरो’ लावून मी त्यामागं ओरडत होते. आई ज्वारी निवडत होती. तिनं कित्येक हंगाम ऊस तोडलाय.

“ती बाई आधी जोर लावती न मग सोडून देती,” ती म्हणाली. “तू मागनं ढकलतीस. कोयता कसा मारतो आपन? पयला घाव बुडख्याला, मुळाशी. शेंड्याचं वाढं मागनं.”

मग मी प्रत्येक शब्द ऐकून घाव कुठं बसतो तिथं वहीत खूण केली, आणि खुणेवर तळहाताची कड पाटावर मारत आठ दिवस काढले. आई चुकलेला घाव बरोबर ओळखायची. अर्थ एकाचाही विचारला नाही तिनं.

नवव्या दिवशी वर्गात सरांनी माझ्यासाठी फळ्यावर दहा शब्द लिहिले. मी बाकावर हात मारत वाचायला लागले. सर म्हणाले, हात खाली ठेव, शोभत नाही.

“हात राहील, सर. तुम्ही तोंड तपासा.”

एक शब्द चुकला, तो मीच परत म्हटला. शेवटचा होता शहर: चित्-ता. त्यात जोर खरोखरच शेवटी असतो. तिथं मी मोर्च्यातली मूठ वर केली.

या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी परीक्षेला बसणाऱ्यांची यादी ओढली आणि माझं नाव लिहिलं, सगळ्यांच्या खाली. मी तिथंच उभी राहून ते वाचून घेतलं, मग बसले.