पैसा मुका पाठवत नाही

सिलतऱ्याच्या कारखान्यात मी युनियनकडून कंत्राटी मजुरांच्या ओव्हरटाइमसाठी भांडायला गेले. ठेकेदार निर्लज्जपणे म्हणाला, "कंपनीनं एकगठ्ठा रक्कम टाकली, दीदी. त्यात ओव्हरटाइम आलाच नाही."

कंपनीच्या हिशेब खात्यातल्या बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला आणि रकमेसोबत बँकेतून पाठवलेला तपशील उघडला. बिल नंबर, महिना, कपात, सारं वेगवेगळ्या रकान्यांत. ओव्हरटाइमचं बिलही त्यात होतं.

"तुमच्या मेलवर बी आलं असन, भैया. वाचत जा." मग माझ्याकडे वळल्या. "साहेब म्हणते, एवढे रकाने काहून भरून राहिली? मी म्हणते, मी पैसा मुका पाठवत नाही; कशाचा हाय ते सांगूनच पाठवते."

ठेकेदारानं तिथंच मजुरांची यादी काढली आणि प्रत्येकाचा ओव्हरटाइम मांडायला घेतला.

त्या बाई आमच्या एकाही मोर्च्यात आलेल्या नाहीत. तरी आमचा सगळ्यात पक्का माणूस कोण, असं कुणी विचारलं, तर मी ताठ मानेनं त्यांच्याच टेबलाकडे बोट दाखवीन.