चौथ्या दिवशीचं पाणी

अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या आमच्या मराठी मंडळात भाषणं मुलं करत आणि लिहीत मात्र आईबाप. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती आणि कुणालाच तिची लाज वाटत नव्हती. गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात वक्तृत्व स्पर्धा असे. महिनाभर आधी ईमेलनं विषय येई. मग आम्ही बायका दीड पान झोकदार मराठी खरडायचो, ते इंग्रजी अक्षरांत टाइप करून पोरांच्या हातात द्यायचो, आणि पोरं शाळेच्या बसमध्ये बसून ते घोकायची. अर्थ विचारला तर खांदे उडवायची. तीन वर्षं मीही हेच केलं होतं. २००५ साली विषय आला, 'जगापुढचे प्रश्न'. लेक तेव्हा सातवीत होती. ती म्हणाली, "आई, धिस टाइम मी लिहिणार."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिनं पाण्याचा प्रश्न निवडला आणि आम्ही दोघी शनिवारी लायब्ररीत गेलो. माझ्या संतापाची सुरुवात तिथून झाली. एवढी मोठी दुमजली लायब्ररी, एकट्या शार्क माशावर अख्खं कपाट, आणि मुलांसाठी भारतावर पुस्तकं किती, तर दोन. त्यातलं एक माझ्या लग्नाच्याही आधीचं. पाण्याच्या पानावर डोक्यावर दोन हंडे घेतलेली एक बाई आणि खाली फक्त 'खेड्यातली स्त्री'. बाईला नाव नाही, खेड्याला नाव नाही, साल नाही. शेजारच्या कुत्र्यांच्या पुस्तकात प्रत्येक कुत्र्याचं नाव छापलं होतं. मी ते पुस्तक टेबलावर आपटलंच.

नेटवर शोधलं तर त्याहून वाईट. एका साइटवर रडणारी मुलं आणि देणगीचं बटण. दुसऱ्या साइटवर जगात किती लोकांना पाणी मिळत नाही त्याचा भलामोठा आकडा, तिसरीवर त्याच्या निम्मा. कुठून आणला ते दोघांनीही लिहिलेलं नव्हतं. लेकीनं विचारलं, "यातलं खरं कुठलं?" मी म्हणाले, "मोठा घे, भाषणात बरा वाटतो." मी रसायनशास्त्रात एमएस्सी झालेली बाई. नागपूरला प्रयोगवहीत एक आकडा अंदाजे लिहिला म्हणून आमच्या बाईंनी मला सगळं प्रात्यक्षिक परत करायला लावलं होतं. ती मी, पोरीला असं सांगत होते.

लेकीला ते पटलं नाही. ती उठून चौकशीच्या टेबलाशी गेली. तिथं साठीची एक बाई बसायची, गळ्यात चष्म्याची साखळी. तिनं पंधरा मिनिटं लेकीशी बोलून तिला शिकवलं, की हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं आणि त्याला हे कसं कळलं, एवढं प्रत्येक कागदाला विचारायचं. मग म्हणाली, अशा ठिकाणी राहणारं तुझ्या ओळखीचं कुणी आहे का? असेल तर आधी त्यांनाच विचार.

मला रागच आला. पुस्तकं ठेवायला नकोत आणि आम्हालाच घरी जाऊन फोन करायला सांगते! पण लेकीच्या डोक्यात आत्या आली होती.

आत्या म्हणजे माझी थोरली नणंद. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत शिक्षिका. मी त्यांना ताई म्हणते. रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, लेकीनं फोन लावला आणि तासभर सोडला नाही. नळाला पाणी चौथ्या दिवशी येतं. कधी येईल ते सांगता येत नाही. आलं की पाऊण तास. त्या दिवशी ताई शाळेतून अर्धी रजा घेतात, कारण पाणी भरायला घरात कुणीतरी हवंच. लेकीला हे कळेचना. तिच्या लेखी पाणी येत नाही, ते असतंच. तिनं विचारलं, "आत्या, पाणी येईपर्यंत तू काय करतेस?" ताई म्हणाल्या, "काही नाही गं, नळ सोडून ठेवते आणि आवाजाकडे कान ठेवून भाजी निवडते."

पुढच्या रविवारी ताईंनी वही काढली. आठवडाभर गल्लीतल्या बायकांना विचारून त्यांनी लिहून ठेवलं होतं. कोण किती हंडे भरतं, कुणाची नोकरी पाण्याच्या दिवसापायी सुटली, कुणाच्या सुनेला माहेरच्या लग्नाला जाता आलं नाही. त्या वाचत होत्या आणि लेक इंग्रजी अक्षरांत उतरवून घेत होती. असे तीन रविवार गेले. त्या वहीइतकी धड माहिती मला त्या सबंध लायब्ररीत सापडली नव्हती.

भाषण लिहून झाल्यावर लेकीनं मला वाचून दाखवलं. पहिलंच वाक्य होतं, 'माझ्या आत्याकडे पाणी चौथ्या दिवशी येतं.' मला दिसायला लागले समोरच्या रांगेतले सगळे पुण्यामुंबईचे लोक, नवऱ्याच्या ऑफिसातले चारजण, त्यांच्या बायका. यांच्या घरी असं आहे होय, म्हणतील. आपल्या घरातलं चारचौघांत कशाला?

त्याच आठवड्यात मंडळातल्या एका काकांचा ईमेलनं फॉरवर्ड आला होता. 'अवश्य वाचा, अभिमान वाटेल.' पाणी साठवण्याची विद्या जगाला भारतानं दिली आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी ते आता मान्य केलं आहे, वगैरे. कुठले शास्त्रज्ञ, कुठे मान्य केलं, काही नाही. मी लेकीचं पान स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टाकलं आणि त्या फॉरवर्डवरून ठसकेबाज भाषण लिहून काढलं.

"हे कुणी सांगितलं?" लेकीनं विचारलं.

"मोठ्या लोकांनी."

"कुठल्या?"

"जास्त शहाणपणा नको. पाठ कर."

"अँड आत्याचं?"

"ते सांगायला बरं दिसत नाही."

तिनं पाठ केलं.

स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होती. बाहेर पार्किंगमध्ये अजून काळपट बर्फाचे ढीग होते आणि आत आम्ही सगळ्या नऊवारी, पैठण्या नेसून. पहिला मुलगा उभा राहिला आणि दुसऱ्याच मिनिटाला म्हणाला, "पाणी साठवण्याची विद्या जगाला भारतानं दिली." टाळ्या. दुसरी मुलगी आली, तेच वाक्य. पुन्हा टाळ्या. तिसऱ्या मुलाचंही तेच. एका फॉरवर्डवर अख्ख्या मंडळानं भाषणं लिहिली होती, मीही त्यातलीच, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकालाही हसू आलं नाही. परीक्षक माना डोलावत होते.

चौथी माझी लेक. छान सुरुवात केली तिनं. त्या वाक्यापाशी आली आणि थांबली. मी खालून ओठ हलवून शब्द सांगत होते. ती माझ्याकडे बघत होती, तिला शब्द आठवत होते, ते मला स्पष्ट दिसत होतं. मग तिनं माईकवरून सावकाश सांगितलं, "आय डोन्ट नो हू सेड धिस." आणि नमस्कार करून खाली उतरली.

माझ्या शेजारच्या काकूंनी माझा हात थोपटला. "होतं गं असं. पुढच्या वेळी नीट पाठ करून घे." पहिल्या मुलाला बक्षीस मिळालं. खूप वाचन आहे हो त्याचं, असं परीक्षक म्हणाले. मला तिथल्या तिथे ओरडावंसं वाटलं, की कसलं डोंबलाचं वाचन? सगळ्या सभागृहात खरोखर विचारून, लिहून घेऊन, ताडून पाहिलेलं एकाच पोरीकडे होतं आणि ते आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये पडलं होतं. पण कुठल्या तोंडानं ओरडणार? ते तिथं टाकलं होतं मीच.

गाडीत नवरा ड्राइव्ह करत होता. लेकीनं मागून विचारलं, "आत्याचं घर बरं नाहीये का?"

"तसं नाही गं."

"मग बरं का दिसत नाही?"

मी पदर सारखा करत बसले. तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं आणि घर येईपर्यंत इकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी फोन वाजला. ताई कधी आपणहून फोन करत नसत, नेहमी आम्हीच लावायचो. त्यांचा आवाज ऐकून लेकीनं फोन माझ्या हातात दिला आणि समोरच उभी राहिली.

"झालं का गं भाषण?" ताई विचारत होत्या. "इथं पाच-सहाजणी येऊन बसल्यात माझ्याकडे. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं ना, आपल्या गल्लीचं अमेरिकेत सांगणार आहे म्हणून. काय म्हणाले लोक?"

मागे बायकांची कुजबुज ऐकू येत होती. वेळ मिळाला नाही, स्पर्धाच रद्द झाली, पोरीला ताप आला, अशी चार उत्तरं माझ्या जिभेवर आली. लेक माझ्याकडे बघत होती.

"ताई, तुमचं तिनं लिहिलं होतं," मी म्हणाले. "मी ते काढायला लावलं."

"का गं?" ताईंनी विचारलं. रागावून नाही, वर्गात एखाद्या पोरीला विचारावं तसं. "काही खोटं होतं का त्यात?"

"नाही," मी म्हणाले. "तेवढंच खरं होतं."