काकांची चार शीले

आमच्या विहारातल्या रविवारच्या वंदनेत एक ठरावीक विराम येत असे. पुढे बसलेले गृहस्थ एकेक शील सांगत आणि बाकीचे ते मागून म्हणत: हत्या नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटे बोलणे नाही. या चारही ठिकाणी माझ्या काकांचा आवाज सर्वांत खणखणीत असे. मादक पदार्थांपासून दूर राहण्याचे पाचवे शील आले की तो बंद पडे, लाऊडस्पीकरची वायर कोणीतरी उपटावी तसा. काका मंडल कार्यालयात, म्हणजे आमच्याकडच्या तहसिलीत, कारकून होते. ते रोज संध्याकाळी पीत आणि जे पाळत नाही ते म्हणत नसत. लहान मुलांना हा विराम फार आवडे. एखाद्या रविवारी काका आले नाहीत तर वंदना त्यांना अळणी वाटे.

मग आंध्र प्रदेश सरकारने दारूबंदी आणली. आमचे गाव जैनथच्या पुढे, पैनगंगेच्या अलीकडे. पलीकडे महाराष्ट्र, आणि तिथे बंदी नव्हती. काका ऑटोने पूल ओलांडत, पलीकडे सन्माननीय गिऱ्हाईक म्हणून बसत आणि परतताना पुलाच्या मध्यावर गुन्हेगार होत. या प्रवासात त्यांच्या पोटातल्या अल्कोहोलमध्ये पुलामुळे कोणताही रासायनिक बदल होत नसे, हे मी त्या वेळी हैदराबादला जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. करत असल्यामुळे अधिकाराने सांगू शकते.

सरकार पुढे गेले, मग विहार समिती मागे कशी राहील? तिने ठराव केला की जो पाचही शीले घेत नाही, त्याला विहारातल्या मंगल कार्यात पुढे उभे राहता येणार नाही. समितीचे अध्यक्ष माझे वडील होते. ते शाळेत गणित शिकवत, आणि काकांचे सख्खे मोठे भाऊ होते. ठरावात कोणाचेही नाव नव्हते, पण तो एकाच माणसाच्या मापाने शिवलेला होता. काकांच्या मुलीचे लग्न तोंडावर आले होते. आमच्याकडे वधूचे आईवडील मेणबत्ती लावतात आणि मगच विधी सुरू होतो. काकू दोन वर्षांपूर्वी गेल्या होत्या. ठराव टिकला असता, तर मेणबत्ती लावायला कोणीच उरले नसते. माझ्या चुलत बहिणीने भांडण केले नाही. "बाबा नाई तं लग्न नाई," एवढेच सांगून ती तांदूळ निवडायला बसली.

बाबांनी आपल्या परीने तोडगा काढून पाहिला. "ओठ हालव ना बे नुसते. कोन ऐकते?"

"मी ऐकतो ना, भाऊ," काका म्हणाले. "आमच्या दफ्तरात खोट्या गवाहीले सजा हाय. चुप राह्यल्याची नाई."

मी सुट्टीत घरी आले, तेव्हा प्रकरण इथपर्यंत पोहोचलेले होते. ठरावाचा फेरविचार करायला बोलावलेल्या सभेला मी गेले. काका आले नव्हते.

"व्यसन हा गुन्हा नाही, आजार आहे," मी उभी राहून म्हणाले. "आणि आजाऱ्याला दाराबाहेर उभे करून कोणाचा ताप उतरलेला मी पाहिला नाही."

"गुन्हा नाई, तं पोलीस कायले पकडते?" समितीतल्या निवृत्त पोस्टमन आजोबांनी विचारले. त्यांच्या गालात खर्रा होता. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या तुकड्यात घोटून केलेला हा पदार्थ आमच्या भागात बोलण्याआधी तोंडात टाकतात.

"पूल ओलांडला की पकडत नाहीत, आजोबा. गुन्हा नदी ठरवते. आजार शरीर ठरवते."

"मंग तो वळखाचा कसा?"

मी तीन लक्षणे सांगितली. मात्रा वाढत जाते. न मिळाल्यास शरीर तक्रार करते. नुकसान दिसत असूनही माणूस थांबत नाही. ही व्याख्या मी एका माणसाच्या बचावासाठी आणली होती, पण ती सभेत दावे तोडलेल्या बैलासारखी फिरली.

"मामाजी, तुमचे तं तिन्ही जमले," मागून पोस्टमन आजोबांची सून म्हणाली.

"खर्रा नशा नोहे. टाइमपास होय."

"मंग पुडी सरली का घर काऊन डोक्यावर घेता?"

बायकांच्या बाजूला हशा पिकला. त्यातून आईचा आवाज आला, "अन् अध्यक्षसाहेब?" आई बाबांना साहेब म्हणाली की ते सावध होत. "सकाळी खर्रा तोंडात गेल्याबिगर हे कोनालेच वळखत नाई. मले बी नाई."

"विषय दारूचा चालू हाय," बाबा म्हणाले. "तंबाखू शीलात येत नाई."

"मादक काय ते मेंदू ठरवतो, बाबा, आणि मेंदू दुकानाची पाटी वाचत नाही. शिवाय हिशेब पाहा. पाळत नसताना पाचवे म्हटले, तर ते खोटे बोलणे झाले. म्हणजे चौथेही मोडले. काका चार घेतात आणि चार पाळतात. इथले बरेच जण पाच घेतात आणि तीन पाळतात."

बाबांनी छताकडे पाहिले. ते वजाबाकी तपासून पाहत आहेत हे मला कळले, आणि ती बरोबर आली हे त्यांच्या चेहऱ्यावरून सगळ्यांनाच कळले. अखेर ठराव बदलला. जो पाळत नाही त्याने पाचवे म्हणू नये. पण त्यासाठी कोणालाही मागे बसवू नये. हात एकमताने वर झाले, कारण हे कलम शेजारच्यासाठी आहे अशी प्रत्येकाची खात्री होती.

विजयाची बातमी घेऊन मी काकांच्या ओसरीवर गेले. ती माझ्याआधीच पोहोचली होती.

"तुले कोन सांगतलं वं मले बिमार कराले?" काका चिडलेले होते. "गुन्हेगार होतो तेच बरं होतं. आता जो येते तो 'कसं वाटून राह्यलं' म्हणून इचारते. पेतो ते मी पेतो. बिमारी नाई पेत."

"तुम्हीच पिता, तर तुम्हीच सोडून दाखवा."

त्यांनी काडेपेटी काढून एक काडी पेटवली आणि माझ्यासमोर धरली. संध्याकाळची वेळ होती, त्यांचे पलीकडे जाणे अजून व्हायचे होते. ज्योत नाचत होती आणि हवा तर पडलेली होती.

"हे कोण हलवतंय, काका? तुम्ही की आजार?"

त्यांनी काडी विझेपर्यंत पाहिली. "हात बिमार हाय," ते म्हणाले. "मी नाई."

इतपत तडजोडीवर आम्ही थांबलो. पण खरी अडचण आता उघडी पडली होती. त्या हाताने मेणबत्ती कशी लागणार? एकदम सोडणे त्यांच्या शरीराला धोक्याचे होते, आणि डॉक्टरकडे यायला ते कसेबसे कबूल झाले होते, तेही लग्नानंतर. तेव्हा लग्नाच्या सकाळी नेहमीपेक्षा कमी, पण थोडी घ्या, असे मी वधूपित्याला सांगितले. विज्ञान माणसाला कोणत्या कामाला लावेल याचा नेम नाही.

इकडे बाबांनी वेगळाच निश्चय केला. पाचवे शील हक्काने म्हणायचे म्हणून त्यांनी आदल्या दिवशीपासून खर्रा सोडला. दुपारपर्यंत त्यांचे डोके दुखू लागले. संध्याकाळी ते मंडपवाल्यावर ओरडले, नंतर खुर्च्यांवर आणि शेवटी एका हारावर. "शरीर तक्रार करून राह्यलं," आई येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत होती. माझ्या व्याख्येचा इतका नेमका उपयोग माझ्या प्राध्यापकांनीही केला नसता.

लग्नाच्या दिवशी विहार भरला होता. वराकडची मंडळी मंचेरियलहून आलेली, पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली. मूर्तीपुढे दोन मेणबत्त्या होत्या, एक अध्यक्षांची आणि एक वधूपित्याची. बाबांची पहिली काडी विझली. दुसरी मोडली. तिसरी पेटली, पण वातीपर्यंत पोहोचेना. त्यांचा हात पाहून पोस्टमन आजोबांनी मान फिरवली.

"आना इकडे, भाऊ," काका हलकेच म्हणाले, आणि एकाच काडीत त्यांनी दोन्ही मेणबत्त्या लावल्या. मुलीने बापाकडे पाहिले आणि पदराने नाक पुसले.

पंचशील सुरू झाले. चार शीले दणक्यात झाली. पाचवे सांगितले गेले आणि सगळा विहार गप्प बसला; ज्यांना हक्क होता तेही, बाबांसकट, एकट्याने सुरुवात कशी करायची म्हणून थांबले. प्रत्येकाने शेजाऱ्याच्या गालाकडे पाहिले, मग आपला गाल चाचपला. मंचेरियलवाल्यांनी सुरुवात केली होती, पण यजमान मुके पाहून तेही अर्ध्यावर थांबले. शील देणाऱ्या गृहस्थांना वाटले माइक गेला. त्यांनी त्यावर बोटाने टकटक केली. ती सर्वांना स्पष्ट ऐकू आली.

काका मागे वळले. "म्हना ना बे!" ते दात-ओठ खाऊन म्हणाले. "पाव्हने पाहून राह्यले! माह्या पोरीचं लग्न हाय!"

गृहस्थांनी पाचवे पुन्हा सांगितले. आधी माझी बहीण एकटीच म्हणाली, नवरीच्या लाजेचा मागमूस नसलेल्या आवाजात. मग बायका, मग मुले, मग पाहुणे. आणि या सगळ्यांच्या वर, घसा फाटेल इतक्या जोराने, बाबा. काका पुढे उभे होते, तोंड घट्ट मिटून.

संध्याकाळी वऱ्हाड निघून गेले आणि रिकाम्या मंडपात दोघे भाऊ खुर्च्यांवर बसले. बाबांनी खिशातून खर्र्याची पुडी काढली, एक चिमूट तळहातावर घेतली, क्षणभर तिच्याकडे पाहिले आणि तोंडात टाकली. त्यांच्या चेहऱ्यावरची आठी विरघळताना मला दिसली.

काका हसू दाबत होते. "किती राह्यले, भाऊ?"

बाबांनी खर्रा एका गालात सारला आणि गणिताच्या तासाला उत्तर सांगावे तसे म्हणाले, "चार. पुढच्या रविवारी तुह्या बाजूले जागा ठेव."